प्रस्तावना : चौदा नंबरचं लॉकर

फलटणला माझ्या जिममध्ये २४ लॉकर आहेत. २०१७ साली दिवाळीआधी रंगकाम काढलं, तेव्हा सगळे रिकामे करून घेतले. चौदा नंबरची किल्ली कुणी आणून देईना, म्हणून शेवटी कुलूप तोडलं. आत करड्या रंगाचे बूट होते, घडी घातलेला पंचा होता आणि शंभरपानी वही होती. वहीच्या पहिल्या पानावर तारीख आणि वजन लिहिलेलं. २ जानेवारी, ९४ किलो. ३ जानेवारी, ९४ किलो. अशा अकरा ओळी. बाराव्या ओळीत नुसती तारीख होती, पुढं वजन नव्हतं.

माणसानं वर्षाची फी एकरकमी भरली होती. जवळजवळ नऊ महिने तो आला नाही आणि एवढ्या काळात आमच्यापैकी कुणी त्याला साधा फोन केला नाही. रजिस्टरमध्ये मात्र तो 'चालू मेंबर' होता. त्याच संध्याकाळी मी त्यांना फोन लावला. आईचं दुखणं निघालं होतं, महिनाभर पुण्याच्या दवाखान्यात गेला, असं ते म्हणाले. "मग नंतर का नाही आलात?" असं विचारल्यावर ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "यायचंच होतं हो. पण तोवर वजन सत्त्याण्णव झालेलं. त्या वजनानं तुमच्याकडं यायची लाज वाटली."

ज्या जागी माणसानं वजन घेऊन यायचं, त्याच जागेची त्याला वजनापायी लाज वाटावी, हे मला फार लागलं. हे पुस्तक त्या फोनमधून निघालं आहे.

माझे वडील तालमीत वाढले. मेहनतीला दोन पहाटे दांडी पडली, की तिसऱ्या दिवशी वस्ताद घराच्या दारात उभे राहत. आजी आधी त्यांना चहा देई आणि मग वडिलांना उठवी. तालमीला फी नव्हती, पावती नव्हती, पण कोण आलं नाही हे वस्तादांना तोंडपाठ असे. मी २००८ साली कर्ज काढून जिम सुरू केली, ती पुण्या-मुंबईच्या जिम बघून. मशिनं तिथल्यासारखी आणली, आरसे तसेच लावले, नव्या वर्षाच्या ऑफरही तिथूनच उचलल्या. दारात येऊन उभं राहणारं माणूस तेवढं आणायचं राहून गेलं.

आमच्या धंद्यात शिकण्याची सोय भरपूर आहे. शिबिरं असतात, व्हिडिओ असतात, सल्लागार असतात. त्यातलं बहुतेक सगळं एकाच गोष्टीभोवती फिरतं : नवीन अॅडमिशन. जाहिरात कशी करायची, फुकट ट्रायल कशी द्यायची, आलेल्या माणसाला वर्षाच्या पॅकेजवर कसं न्यायचं, पर्सनल ट्रेनिंग कसं गळी उतरवायचं. जिमवाला जिमवाल्याकडून शिकतो आणि दोघांची दुकानं जानेवारीत भरतात, मार्चमध्ये ओसरतात. मार्चचं काय करायचं, याचं उत्तर मला आमच्या धंद्यात सापडलं नाही. म्हणून मी दुसऱ्यांच्या दारी गेलो. विम्याचा एजंट, दिंडीतला विणेकरी, मासिकाची वर्गणी सांभाळणारे गृहस्थ, दूध संकलन केंद्राचे सचिव, अशा माणसांशी मी गेली काही वर्षं बोलत आलो आहे. माणूस पुन्हा पुन्हा यावा, यावर ज्यांचं पोट आहे, अशी ही माणसं. पुढची प्रकरणं त्यांच्याकडून घेतलेली आहेत.

आधी एक अप्रिय गोष्ट सांगतो. स्टेफानो डेला विग्ना आणि उल्रिके मालमेंडियर या दोन अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या तीन हेल्थ क्लबांच्या ७,७५२ सभासदांच्या नोंदी तपासल्या आणि २००६ साली त्यावर एक निबंध प्रसिद्ध केला. महिन्याला ७० डॉलरहून जास्त भरणारे सभासद महिन्यातून सरासरी चार-सव्वाचार वेळाच येत होते. म्हणजे एका खेपेला त्यांना १७ डॉलरहून जास्त पडत होते. त्याच क्लबात दहा खेपांचा पास घेतला असता, तर एका खेपेला १० डॉलर पडले असते. माणसं स्वतःच्या निश्चयाबद्दल जास्त आशा धरतात आणि त्या आशेचे पैसे भरतात, असा त्याचा अर्थ. आमच्या धंद्यातल्या अनेकांनी हा अर्थ उलट्या बाजूनं वाचला आहे : न येणारा मेंबर हाच फायद्याचा मेंबर. शंभर माणसं मावतील एवढ्या जागेत पाचशे पावत्या फाडायच्या आणि चारशे येणार नाहीत यावर भरवसा ठेवायचा.

मोठ्या शहरात, रोज नवी माणसं राहायला येतात तिथं, हे काही वर्षं चालतही असेल. तालुक्याच्या गावात चालत नाही. इथं न आलेला माणूस मला मंडईत भेटतो, लग्नात पंगतीला शेजारी बसतो. "काय, येताय का नाही जिमला?" या प्रश्नावर तो नजर चुकवतो, आणि पुढच्या वेळी मी दिसलो की रस्ता बदलतो. त्याचे सहा हजार माझ्याकडं जमा असतात आणि त्याच्या घरातला दुसरा कुणी माझ्या जिमची पायरी कधी चढत नाही.

त्याच अमेरिकेत सभासदत्वाच्या फीवरच उभा असलेला दुसरा एक धंदा आहे, तो यासाठी मुद्दाम बघण्यासारखा आहे. कॉस्टको. तिकडं राहणाऱ्या मराठी घरांना तो आपल्या किराणा दुकानाइतका ओळखीचा. १९८३ साली सिअॅटलला पहिलं गोदाम उघडलं. वर्षाची फी भरल्याशिवाय तिथं खरेदी करता येत नाही. पण फी घेतल्यावर मालावर खरेदीच्या किमतीपेक्षा साधारण १४-१५ टक्क्यांहून जास्त नफा चढवायचा नाही, हा त्यांचा जुना दंडक. हॉट डॉग आणि थंड पेय मिळून दीड डॉलर, हा भाव १९८० च्या दशकापासून त्यांनी हलवलेला नाही. कंपनीच्या नफ्याचा मोठा हिस्सा सभासदांच्या फीतून येतो, आणि अमेरिका-कॅनडात शंभरातले नव्वदहून अधिक सभासद पुन्हा फी भरतात. तिथला सभासद जितक्या वेळा येईल तितकी त्याची फी वसूल होते, आणि ती वसूल झाली असं त्याला वाटलं, म्हणूनच तो पुन्हा भरतो. फी दोन्हीकडं आधीच घेतली जाते. एका दुकानाला सभासद न आलेला परवडतो, दुसऱ्याला आलेलाच हवा असतो. आपली जिम यांतल्या कुठल्या बाजूला उभी करायची, हे मालकानं एकदा बसून ठरवलं पाहिजे. मी ठरवलं, आणि पुढचं सगळं त्या ठरवण्यातून आलं.

परक्या धंद्याकडून शिकणं ही काही माझी नवी शक्कल नाही. हेन्री फोर्डनं मोटारीची सरकती जुळणी बसवली, ती शिकागोच्या कत्तलखान्यांत डोक्यावरून सरकत जाणारं मांस बघून. टोयोटाच्या ताईची ओहनोंना कारखान्यात लागेल तेवढंच सामान लागेल तेव्हा मागवायची कल्पना अमेरिकेतल्या सुपरमार्केटच्या फळ्यांवरून सुचली. पण त्यांची उदाहरणं दूरची आहेत. माझा सगळ्यात मोठा शिक्षक दरवर्षी माझ्या दारावरून चालत जातो.

ज्ञानेश्वर माउलींची पालखी आळंदीहून पंढरपूरला जाताना फलटणला विमानतळाच्या मैदानावर मुक्कामाला असते. लहानपणापासून मी ती बघत आलो, पण जिममालक म्हणून बघायला मला २०१८ साल उजाडावं लागलं. सुमारे २५० किलोमीटरची वाट, अठरा-वीस दिवस, पाऊस आणि चिखल. पुण्याहून दिवेघाट चढून सासवडला जायचा एकच टप्पा तीसेक किलोमीटरचा. यातल्या कितीतरी बाया-बापड्यांची साठी उलटलेली असते. घरी असताना त्यांचे गुडघे दुखतात, डॉक्टरांनी जिने चढू नका म्हणून सांगितलेलं असतं. इथं कुणी त्यांना ऑफर दिलेली नसते, उलट दिंडीच्या जेवणाखाण्याची भिशी पदरची भरून ती आलेली असतात. आणि ती पोचतात. दुसऱ्या वर्षी परत येतात. आमच्या धंद्याला 'रिटेन्शन' म्हणून जे काही हवं असतं, ते या वाटेवर पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं आहे.

भक्ती हे त्याचं पहिलं कारण, आणि भक्ती काही जिममध्ये आणता येत नाही. तसा प्रयत्न करणंही मला बरं वाटत नाही. पण भक्तीला चालतं ठेवणारी एक व्यवस्था आहे. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी ती बसवली. शिंद्यांच्या पदरी सरदारकी केलेला हा सातारा जिल्ह्यातला माणूस, त्यामुळं सोहळ्याला लष्करी शिस्त आली. लाखोंच्या त्या लोंढ्यात वारकरी सहसा सुटा नसतो. तो एखाद्या दिंडीचा असतो. दिंडीला नंबर असतो, रथापुढं की रथामागं ही जागा ठरलेली असते. पुढं पताका, मग टाळकरी, मृदंग, मध्ये विणेकरी, मागं तुळस घेतलेली बाई. एखादी म्हातारी दुपारच्या विसाव्याला दिसली नाही, तर तिच्या पुढची-मागची बाई लगेच विचारते. लाखभर माणसांत ती हरवत नाही, कारण तिच्या दिंडीपुरती ती मोजलेली असते.

माझ्या जिममध्ये तेव्हा ३१० मेंबर होते आणि ३१० जण सुटे होते. प्रत्येकजण एकटा येई, कानात वायर घाली, एकटा घाम गाळी, एकटा यायचा थांबे. मी त्यांच्या बारा-पंधरा जणांच्या तुकड्या केल्या. वेळेनुसार केल्या, वयानुसार किंवा वजनानुसार नाही. पोलीस भरतीची तयारी करणारा पोरगा आणि साखर वाढलेले निवृत्त मुख्याध्यापक एकाच तुकडीत. प्रत्येक तुकडीचा एक विणेकरी नेमला, आणि तो ट्रेनर नव्हे, मेंबरच. त्याचं काम एवढंच : चार दिवस कुणी दिसलं नाही तर फोन करायचा. 'जिमला या' असं म्हणायचं नाही. 'बरे आहात ना?' एवढंच विचारायचं. हे शब्द आम्ही बऱ्याच चुका करून मग ठरवले. पहिल्या महिन्यात काही विणेकऱ्यांनी वसुलीच्या सुरात फोन केले आणि दोन माणसं कायमची दुखावली.

वारीतलीच दुसरी गोष्ट समाज आरतीची. संध्याकाळी पालखी तळावर आली, की सगळ्या दिंड्या गोल करून उभ्या राहतात, टाळमृदंगाचा कल्लोळ चाललेला असतो. चोपदार हातातला दंड उंच करतात आणि एका क्षणात सगळं शांत होतं. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती दिंडी टाळ वाजवत राहते. एवढ्या शांततेत तेवढेच टाळ ऐकू येतात. मग तिथं जाऊन विचारपूस होते, तंटा मिटतो आणि टाळ थांबतात. हरवलं-सापडलंही तिथंच पुकारतात. त्यानंतरच आरती होते. तक्रार पोटात ठेवून कुणी झोपायचं नाही, आणि तक्रार करणाऱ्यानं आपणहून मालकाच्या टेबलापर्यंत चालत जायचं नाही, व्यवस्थेनं त्याच्यापर्यंत यायचं. मी तक्रारपेटी कितीतरी वर्षं लावून ठेवली होती. तिच्यात कागद पडत नसत आणि सगळं ठीक आहे अशी माझी समजूत होती. मग शनिवारी बॅच संपल्यावर पाच मिनिटं गाणी बंद करून सगळ्यांना गोल उभं करायला सुरुवात केली. पहिल्याच शनिवारी कळलं, की बायकांच्या न्हाणीघराची आतली कडी चार महिन्यांपासून लागत नव्हती. चार महिने बायका एकमेकींना दाराशी उभं करून आत जात होत्या. त्या काळात सोडून गेलेल्या बायकांची नावं मी नंतर रजिस्टरमध्ये शोधली. ती इथं लिहीत नाही, पण मला ती पाठ आहेत.

दुसरं मोठं प्रकरण विम्याचं आहे. आपल्या मध्यमवर्गीय घरात एजंट हा एक घरचाच माणूस असतो. १ सप्टेंबर १९५६ ला आयुर्विमा महामंडळ स्थापन झालं, त्यानंतर तो गावोगाव पोचला. त्याच्याकडून मी एक शब्द शिकलो : पर्सिस्टन्सी. घेतलेल्या पॉलिसींपैकी किती तेराव्या महिन्यात चालू आहेत, किती पंचविसाव्या, सदतिसाव्या, एकोणपन्नासाव्या, एकसष्टाव्या महिन्यात चालू आहेत, हे सगळ्या विमा कंपन्या मोजतात आणि जाहीर करतात. तेरावा का? पहिल्या वर्षाचा हप्ता माणूस उत्साहात भरतो, शेजाऱ्याच्या भिडेनं भरतो, मार्चमध्ये कर वाचवायला भरतो. त्याचं खरं मत कळतं ते दुसऱ्या वर्षाचा पहिला हप्ता येतो तेव्हा. आमच्याकडं मी कुठल्याही मालकाला 'यंदा अॅडमिशन किती झाले?' असं विचारलं, तर आकडा ओठांवर असतो. 'मागच्या जानेवारीतले या फेब्रुवारीत किती उरले?' असं विचारलं की तो रजिस्टर शोधायला लागतो. मीही शोधलं होतं. शंभरातले एकोणीस, हा माझा पहिला तेरावा महिना. तो आकडा मी टेबलाच्या काचेखाली ठेवला आहे.

विम्याचं कमिशनही समजून घ्यावं असं आहे. बराच काळ नियम असा होता, की एजंटाला पहिल्या वर्षी हप्त्याच्या जास्तीत जास्त ३५ टक्के, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी साडेसात आणि त्यापुढं पाच टक्के. पहिल्या वर्षाचा घास मोठा, पण पुढचे लहान घास वर्षानुवर्षं मिळत राहतात. म्हणून एजंट हप्त्याची तारीख तुमच्याआधी लक्षात ठेवतो आणि पोरीच्या लग्नाला आहेर घेऊन येतो. आमचा ट्रेनर बघा. पगार तुटपुंजा, आणि कमिशन पॅकेज विकलं त्या दिवशीच. विकल्यानंतर मेंबर आला काय न आला काय, त्याच्या खिशात फरक पडत नाही. मग त्याची नजर दारातून येणाऱ्या नव्या माणसावर असते, यात त्याचा दोष काय? मी कमिशनचा निम्मा वाटा तेराव्या महिन्यावर नेला. दोन ट्रेनर सोडून गेले. जे राहिले, ते आता मेंबरच्या गुडघ्याची चौकशी करतात.

आणि तिसरी गोष्ट. पॉलिसी बंद पडली, तरी विमेवाले तिला मेली म्हणत नाहीत. तिचं पुनरुज्जीवन करता येतं, आणि त्यासाठी महामंडळ अधूनमधून खास मोहीम काढतं, उशिराच्या दंडात सवलत देतं. बंद पडलेल्या ग्राहकाला परत यायला रीतसर दार आहे, आणि त्या दारावर 'अपराधी' अशी पाटी नाही. आमच्याकडं वर्षभरानं परत आलेल्या माणसाकडून पुन्हा प्रवेश फी घेतात, पुन्हा वजनकाट्यावर चढवतात, आणि मागच्या कार्डाशी ताडून "अरेरे, तीन किलो वाढलं" असं चार माणसांत म्हणतात. चौदा नंबरच्या लॉकरवाल्या गृहस्थांना याच प्रसंगाची भीती होती. आता आमच्याकडं परत येणाऱ्याला महिनाभर काटा नाही.

आता पैशाचं. याविषयी मला सगळ्यात जास्त कळकळीनं बोलायचं आहे, कारण या चुकीनं मी जवळजवळ बुडालो होतो. जानेवारी २०२० मध्ये माझ्याकडं वार्षिक फीचे बरेच पैसे जमा झाले. फेब्रुवारीत मी त्यातून दोन ट्रेडमिल आणि एक केबल मशिन घेतलं. मार्चमध्ये टाळेबंदी लागली. महाराष्ट्रातल्या जिम उघडल्या त्या २५ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशी. मधले सात महिने लोक विचारत राहिले, आमच्या पैशाचं काय? आणि माझ्याकडं उत्तर म्हणून तीन मशिनं होती. भाडं चालू होतं, बँकेचा हप्ता चालू होता. ते दिवस मी कसे काढले, ते वेगळ्या प्रकरणात सविस्तर लिहिलं आहे. ते वाचून कुणाची तरी फेब्रुवारी सुधारावी, एवढ्यासाठी.

याचं उत्तर मला मासिकाच्या वर्गणीत मिळालं. वार्षिक वर्गणी ही मराठी वाचकाला केवढी ओळखीची गोष्ट. बारा अंकांचे पैसे आधी घ्यायचे आणि मग बारा महिने अंक पाठवत राहायचं. एका मासिकाची वर्गणी बरीच वर्षं सांभाळलेल्या गृहस्थांनी मला सांगितलं, "वर्गणी आली तेव्हा ती आपली नसते. ती कर्ज असते, बारा अंकांचं. एक अंक टपालात पडला की बारावा हिस्सा आपला होतो." ज्यांनी जानेवारीत आलेली वर्गणी जानेवारीतच कमाई समजून खर्चली, त्यांना ऑगस्टचा कागद घ्यायला पैसे उरत नसत. मेंबरचे ६,००० रुपये आले तर त्यातले ५०० माझे, तेही महिना संपल्यावर. उरलेले ५,५०० त्याचे आहेत, माझ्याकडं ठेवायला दिलेले. आता ते वेगळ्या खात्यात जातात आणि दर एक तारखेला बारावा हिस्सा चालू खात्यात येतो. ज्या मालकाला हे अशक्य वाटतं, त्यानं आपली जिम सध्या कुणाच्या पैशावर चालली आहे, हे एकदा कागदावर मांडावं. २२ सप्टेंबर २०२५ पासून जिमच्या फीवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ वर आला, ही चांगलीच गोष्ट झाली. पण त्यासोबत मशिनं घेताना भरलेल्या कराची वजावट मिळणंही बंद झालं. तेव्हा नवी मशिनं घेण्याचा मोह आता दुप्पट तपासून बघावा.

त्याच वर्गणीवाल्यांकडची आणखी एक बारीक गोष्ट मला फार आवडली. शेवटच्या अंकासोबत एक चिठ्ठी येते : आपली वर्गणी या अंकाबरोबर संपत आहे. किती साधं आणि किती अदबीचं. आमच्याकडं मुदत संपली की दारातलं बोटाचं मशिन लाल होतं आणि मागच्या रांगेसमोर माणूस अडवला जातो.

काही धड्यांना फार विस्तार लागत नाही. चित्रपटगृहं पूर्वीपासून मॅटिनीचा खेळ लावतात, कारण खुर्ची तीन वाजताही तिथंच असते आणि भाडं तिचंही भरावं लागतं. माझी जिम अकरा ते पाच झोपलेली असे. आता तीनची बॅच आहे, फी निम्मी, येणाऱ्या बहुतेक पन्नाशीच्या पुढच्या बायका. सहाजणींनी सुरुवात केली, त्यांची आधीपासूनची भिशी होती, ती भिशीच इकडं आली.

दूध संकलन केंद्रावर शेतकरी दिवसातून दोनदा येतो, त्याच्यासमोर फॅट लागते, आकडा दिसतो, चिठ्ठी हातात पडते. त्याच्या म्हशीचं काय चाललंय ते त्याला रोज कळतं. आम्ही मेंबरच्या शरीराची मोजमापं बहुधा एकदाच घेतो, पर्सनल ट्रेनिंग विकायच्या दिवशी. मोजायचं तर नियमानं मोजावं, त्याच्या हातात द्यावं आणि वजनाखेरीजचं मोजावं : किती जिने दम न लागता चढतो, मांडी घालून किती वेळ बसतो, खाली बसून हात न टेकता उठतो का.

आणि बेळगावचे किर्लोस्कर बंधू. लोखंडी नांगराच्या कितीतरी आधी त्यांचा सायकलचा धंदा होता, आणि सायकल विकून ते थांबत नसत, चालवायलाही शिकवत. न चालवता येणारी सायकल घरात भिंतीला टेकून राहते आणि शेजाऱ्यांना सायकल घेऊ नका म्हणून सांगते. आमच्याकडं अर्ध्याहून अधिक मशिनांची अशीच गत झालेली असते. नवा माणूस ट्रेडमिल सोडून कशाला हात लावत नाही, कारण बाकीच्यांची त्याला भीती वाटते आणि विचारायचा संकोच वाटतो.

एका धड्याविषयी मात्र थोडं थांबून लिहितो, कारण तो जिवाशी आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे गावंडे डॉक्टर होऊन अमेरिकेत गेले, त्यांचे चिरंजीव अतुल गावंडे शल्यविशारद. जागतिक आरोग्य संघटनेसाठी त्यांच्या चमूनं शस्त्रक्रियेपूर्वी आणि नंतर वाचायची १९ कलमांची यादी तयार केली. कल्पना विमानांकडून घेतलेली. १९३५ साली बोइंगचं एक नवं बाँबर चाचणीच्या उड्डाणात कोसळलं, वैमानिक निष्णात होता, पण एक कुलूप सोडायचं राहून गेलं होतं. तेव्हापासून वैमानिक कितीही जुना असो, यादी वाचल्याशिवाय विमान उचलत नाहीत. आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ही १९ कलमं वापरून पाहिली, त्याचा निष्कर्ष २००९ साली आला : मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर, मोठ्या गुंतागुंतीचं ११ वरून ७ वर. यादीत अवघड काहीच नाही. रोगी तोच आहे ना, बाजू तीच आहे ना. एक कलम तर असं, की खोलीतल्या सगळ्यांनी आपलं नाव आणि काम सांगायचं.

आमच्याकडंही अॅडमिशनच्या दिवशी कागद भरून घेतात. त्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, की काही झालं तर जबाबदारी माझी, आणि खाली सही. तो कागद मालकाला वाचवायला असतो. मेंबरला वाचवणारा कागद वेगळा लागतो : रक्तदाब आज मोजला का, छातीत कधी दुखलं का, घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला का, कुठल्या गोळ्या चालू आहेत, पाठीचं किंवा हर्नियाचं ऑपरेशन झालंय का, रात्री झोप झाली का, काही खाल्लंय का. आमच्या यादीत बारा प्रश्न आहेत आणि ते ट्रेनरनं मोठ्यानं विचारायचे, मेंबरच्या हातात कागद देऊन मोकळं व्हायचं नाही. यादी जशीच्या तशी पुस्तकात दिली आहे. कुणीही छापून वापरावी, मला विचारायचीही गरज नाही.

वैद्यकीच्या धंद्यातून एक गोष्ट मात्र घेऊ नये, आणि ती आपण सगळ्यात आधी घेतली आहे. कट. ट्रेनरनं प्रोटीनचा डबा सुचवायचा आणि डब्यामागं टक्केवारी खायची. डब्यापाठोपाठ इंजेक्शनं येतात. एकोणीस-वीस वर्षांच्या पोरांना दंड महिन्यात फुगवून हवा असतो, आणि तो फुगवून देणारे असतात. ज्या दिवशी ट्रेनरच्या उत्पन्नात मेंबरनं काय गिळलं यावरून फरक पडायला लागतो, त्या दिवसापासून त्याच्या सल्ल्यावर मेंबरनं विश्वास ठेवू नये, असं मी स्वतः जिममालक असून सांगतो. माझ्याकडं डबे विकत नाहीत. त्यानं उत्पन्न घटलं, आणि ते दुसऱ्या कशानं पूर्ण भरून निघालं नाही. ते तसंच धरून चालायचं मी ठरवलं आहे.

मुंबईच्या डबेवाल्यांवर या पुस्तकात प्रकरण नाही, याबद्दल हस्तलिखित वाचलेल्या दोघांनी विचारलं. त्यांच्याबद्दल मला आदर आहे, पण त्यांच्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय आणि मी त्यांच्याबरोबर एकदाही चर्चगेटला उतरलेलो नाही. ज्यांच्याजवळ बसून ऐकलं, किंवा ज्यांचं काम करून पाहिलं, त्यांच्याविषयीच लिहायचं, असा माझा प्रयत्न होता. परदेशी उदाहरणं तेवढी वाचून घेतलेली आहेत आणि ती आधाराला आहेत.

प्रकरणं कुठूनही वाचावीत. ज्यांची जिम सध्या अडचणीत आहे, त्यांनी वर्गणीचं आधी वाचावं. ज्यांची बरी चालली आहे, त्यांनी तेराव्या महिन्याचं.

ज्यांनी वेळ दिला, त्यांची नावं त्यांच्याच सांगण्यावरून दिलेली नाहीत. एका विणेकरीबुवांनी तर वारीचा 'धंद्याला' उपयोग होतो, याच गोष्टीवर तासभर माझी हजेरी घेतली आणि मग जाताना म्हणाले, "माणसं मोजा, पण नावानं मोजा." तीनच्या बॅचमधल्या बायकांनी बारा प्रश्नांतले दोन बदलायला लावले. चौदा नंबरवाले गृहस्थ आता सकाळी साडेसहाच्या तुकडीचे विणेकरी आहेत. या प्रस्तावनेचा कच्चा खर्डा मी त्यांना वाचायला दिला होता. त्यात मी बूट निळे लिहिले होते. त्यांनी ते खोडून वर 'करडे' असं लिहिलं आणि समासात वहीची बारावी ओळ पूर्ण केली : १३ जानेवारी, ९३ किलो. त्या दिवशी काट्यावर उभे राहिले होते, लिहिणार तेवढ्यात घरून फोन आला होता.